पदरावर सहा फवारे

माझं नाक चांगलं आहे, असं मी आयुष्यभर सांगत आलो. कळमन्याच्या बाजारात गुळाची दलाली करतो, त्यामुळे हे सांगणं धंद्याचाच भाग होता. ढेपेला नाक लावलं की गूळ यंदाचा आहे की गेल्या सालचा, कढईत जास्त लागला की कच्चा राहिला, गोदामात कांद्याच्या शेजारी पडून होता का, हे मी डोळे मिटून सांगतो. हमाल म्हणतात, "भाऊच्या नाकाले लायसन पाह्यजे." ऐकलं की माझी छाती दोन इंच वाढते.

तर हेच नाक कसं कापलं गेलं ते सांगतो. कापणारा मीच होतो. चाकूही मीच आणला होता, इतवारीतून, वर चमकीचा कागद लावून.

नंदनवनातल्या आमच्या घरी बायको पुरणपोळीच्या ऑर्डरी घेते. पोरगी लग्न होऊन गेल्यावर सुरू केलेलं काम आता एवढं वाढलं आहे की सणावाराला फोन उचलायलाही तिला हात मोकळा नसतो. हात म्हणजे कोपरापर्यंत पुरणात. चणाडाळ शिजते, गूळ विरघळतो, जायफळ किसलं जातं, तूप कढतं. हा सगळा दरवळ आमच्या पडद्यांत, उशांत, माझ्या स्कूटरच्या सीटमध्येसुद्धा मुरलेला आहे. मला तो आवडतो. बाजारातून दमून आलो की फाटकातच तो वास येतो आणि मी घरी पोचल्यासारखा होतो. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. त्याऐवजी मी त्यावर विनोद केला होता. तो पुढे येईल.

गेल्या हिवाळ्यात तिच्या दहावीच्या वर्गाचं संमेलन होतं. व्हॉट्सॲपवर त्यांचा गट आहे. याआधी दोनदा असं संमेलन झालं आणि दोन्ही वेळा ती गेली नाही. एकदा म्हणाली, ऑर्डर आहे. दुसऱ्यांदा म्हणाली, गुडघा दुखते. या वेळेस मात्र तिनं स्वतःहून सांगितलं, "मी जाणार आहो." एवढंच. पण टसरची साडी बाहेर काढली, ब्लाउज उसवून सैल केला, आणि तीन दिवस आधीपासून ऑर्डरी बंद केल्या. फोन आला की सांगायची, "सोमवारपासून, ताई."

मी म्हटलं, वा. बायको आराम करून राहिली. चांगलं आहे.

त्या तीन दिवसांत तिनं सगळे पडदे धुतले. स्वयंपाकघराच्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्या. शिकेकाई आणि रिठ्यानं दोनदा केस धुतले. तिसऱ्या दिवशी, लायसनवाल्या नाकाचा मी, दारात उभा राहून म्हणालो, "आज घर घरासारखं वाटून नाही राहिलं वं." तिचा चेहरा उजळला. मला वाटलं, माझ्या बोलण्यातली माया तिला पोचली.

अशा प्रसंगी बायकोला काहीतरी द्यावं असं मला वाटलं. हा विचार मला एरवी सुचत नाही, त्यामुळे सुचला तेव्हा मी त्याच्यावर फारच खूश झालो. मोबाईलवर एक पोरगा सेंटाबद्दल बोलत होता. म्हणे, आता बायकांमध्ये फुलांचे वास मागे पडले. व्हॅनिला, कॅरॅमल, चॉकलेट, भाजलेला बदाम, थोडक्यात जेवणानंतरचं सगळं गोडधोड अंगाला लावायचं. मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. गोडाचा वास! अरे, हा तर आपला विषय.

दुसऱ्या दिवशी इतवारीत गेलो. भांड्यांच्या गल्लीतून हातगाड्या चुकवत पुढे गेलं की अत्तराचं एक जुनं दुकान आहे. म्हातारे चाचा गादीवर बसतात. मागच्या कपाटात अत्तराच्या जुन्या कुप्या, आणि पुढच्या काचेत नवे सेंट.

"मीठावाला दिखाओ चाचा, लेडीज का," मी म्हटलं.

चाचांनी कागदाच्या पट्ट्यांवर एकेक फवारा मारून माझ्यापुढे धरायला सुरुवात केली. मी कळमन्याच्या पद्धतीनं कामाला लागलो. एक हुंगायची, बाजूला ठेवायची, डोळे मिटायचे, मान हलवायची. "यात साखर जास्त आहे," असं मी एका व्हॅनिलाला म्हटलं. दुसऱ्याला म्हटलं, "हा जळला." चाचा माझ्याकडे बघत होते. चौथ्या पट्टीनंतर त्यांनी एक काचेची वाटी पुढे सरकवली. त्यात तपकिरी बिया होत्या.

आता बाजाराची सवय अशी, की कुणी वाटीत माल पुढे केला की दोन दाणे उचलायचे आणि दाढेखाली धरायचे. मी धरले. कडाकड चावले. कडू जहर!

"अरे भाईसाब!" चाचा गादीवरून अर्धे उठले. "कॉफी है! नाक साफ करने के लिए है, नाश्ता नहीं है!"

दुकानातल्या दोन बायका तोंडावर ओढणी धरून हसल्या. मी पण हसलो. दाढेत अडकलेली कॉफी जिभेनं काढत म्हटलं, "माल अच्छा है." अशा वेळी मी हार मानत नाही, हा माझा गुण. गुण कसला, रोग.

मग चाचांनी एक प्रश्न विचारला. तो त्यांनी अगदी सहज विचारला होता, पण आता आठवला की माझे कान गरम होतात.

"भाभीजी को कौनसी खुशबू पसंद है?"

मी थांबलो. मोगरा? माहीत नाही. चंदन? ती लावत नाही. गजरा घेते कधी कधी, पण तो मी आणला तर. तीस वर्षं एका घरात काढली आणि बाईला कुठला वास आवडतो याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पण मी काय गप्प बसणार? ठोकून दिलं, "उनको तो मीठा ही पसंद है."

खरं म्हणजे ती चहा बिनसाखरेचा पिते. पुरणाची चव बघायला मला हाक मारते, कारण तिला ते तोंडात घालवत नाही. हे मला माहीत होतं. रोज दिसत होतं. पण दुकानात आठवलं नाही.

सातवी पट्टी नाकाशी आली आणि मी उडालो. कॅरॅमल म्हणे. कसलं कॅरॅमल! पहिल्या कढईचा ताजा गूळ, वर जायफळाची किंचित झाक आणि खाली कढवलेलं तूप. डोळे मिटले तर आमचं फाटक दिसलं.

"यही," मी म्हटलं. "बांध दो."

संमेलनाच्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली होती. पलंगावर इस्त्री केलेली टसरची साडी पसरलेली. मातकट सोनेरी रंग, मरून काठ. मी बाटली काढली. नुसती हातात दिली तर काय मजा? आमच्याकडे लग्नात अत्तर लावतात ते मनगटाला आणि कपड्याला, तेवढं मला ठाऊक. कातडीला पुरळ आलं तर संमेलनाचा बट्ट्याबोळ होईल, त्यापेक्षा साडी बरी, असा मी शहाणा विचार केला. आणि मारले फवारे. सहा. त्यातले चार पदरावर. पदरच का, तेही सांगतो. पदरावर माझा तो विनोद होता. मला वाटलं, तिला लगेच कळेल, ती हसेल, म्हणेल, काय बाई तुम्ही.

ती न्हाणीतून बाहेर आली, केसांना पंचा गुंडाळलेला. खोलीच्या दारात थबकली. नाक वर केलं. आणि पुढच्या क्षणी धावत स्वयंपाकघरात गेली.

"गॅसवर काय ठेवलं तुम्ही?" ती आतून ओरडली. "अवो, गूळ कायले चढवला?"

गॅसवर काहीच नव्हतं. ओटा कोरडा होता. ती परत आली आणि वासाच्या मागोमाग पलंगापर्यंत पोचली. पदर उचलून नाकाला लावला. मी बाटली मागे धरून उभा, ओठांवर ते तयार हसू.

"हे काय केलं?"

"सेंट आहे. गोडाचा. सध्या हेच चालू आहे बायकाइत. तुयासाठी खास—"

"पुरन आहे हे."

"कॅरॅमल म्हणते त्याले."

ती पलंगाच्या कडेला बसली. साडीकडे पाहत राहिली. रडली असती तर मी काहीतरी केलं असतं, म्हणजे विनोद केला असता. ती रडली नाही. मी म्हटलं, "वास उडून जाईन वं दोन मिनिटात," आणि साडी उचलून गच्चीवर पळालो.

गच्चीवर कोवळं ऊन होतं. साडी तारेवर टाकली, झटकली, पुन्हा झटकली. वास जाईना. उलट ऊन लागून तो फुलला. शेजारच्या दोन छतांपर्यंत आज आमच्याकडे सण आहे असं कळलं असेल. मग मला सुचलं, ओल्या फडक्यानं पुसावं. पुसलं. टसरवर पाण्याचे हाताएवढे डाग उठले. चार पदरावर, दोन निऱ्यांच्या जागी. जिथं जिथं मी प्रेम केलं होतं तिथं तिथं.

ती केस पुसत वर आली. डाग पाहिले. टाकीच्या कठड्यावर टेकली.

"तुमाले आठवते," तिनं विचारलं, "माह्या मैत्रिणीच्या घराची वास्तू होती तेव्हाचं?"

आठवत होतं. चार वर्षं झाली असतील. तिची शाळेतली मैत्रीण, नवीन घर, मोठी जेवणावळ. मैत्रिणीच्या नवऱ्यानं परदेशातून सेंटाच्या बाटल्या आणल्या होत्या आणि मैत्रीण सगळ्यांच्या मनगटावर एकेक फवारा मारत फिरत होती. हिच्याजवळ आल्यावर तिनं विचारलं, "तू कोणता लावतं वं?" हिनं तोंड उघडायच्या आत मी बोललो होतो.

"तिले सेंट कायले लागते? तिनं पदर झटकला का वीस लोकाइची पंगत उठते!"

काय हशा पिकला होता! मैत्रिणीचा नवरा माझ्या पाठीवर थाप मारून लोटपोट. मला वाटतं, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात जमलेला विनोद. त्यानंतर मी तो किती ठिकाणी सांगितला, विचारू नका. कळमन्यात, लग्नांत, तिच्या भावासमोर. ती जवळ असली तर त्याच वेळी तिला चहाचं पाहायला आत जावं लागायचं. मला वाटायचं, योगायोग.

"त्या दिवशीपासून गटात मले पुरनवाली म्हणतेत," ती म्हणाली. "एकीनं दुसरीले माहा नंबर धाडला तर वर लिहिलं, पुरनवाली. नाव नाही. मी शाळेत गणितात पह्यली होती. फळ्यावर मी गणित सोडवाची न् त्या उतरवून घ्याच्या. आता मी आली का म्हणतेत, आला वास."

"तू सांगितलं नाही कधी."

"तुमाले? तुमी त्याच्यावर अजून एक जोक केला असता."

खाली कुणाच्या तरी घरचा मिक्सर सुरू होता. मी साडीचं टोक हातात धरून उभा होतो, ते सोडावं की धरावं कळत नव्हतं.

"कामाची लाज नाही मले," ती म्हणाली. "सोमवारपासून पुन्हा पुरनच वाटनार आहो. पन आज एक दिवस मले कायचाच वास नोको होता. म्हनून तीन दिवस घर धुतलं. तुमी म्हनले न, घर घरासारखं नाही वाटत, तवा मले किती बरं वाटलं."

तिच्या चेहऱ्यावरचा तो उजेड मला आता कळला. माया पोचली वगैरे काही नव्हतं. बाजारातल्या सर्वात तेज नाकालाही पुरणाचा वास लागला नाही, म्हणजे तो गेला, एवढीच तिला खात्री पटली होती.

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती उठून खाली गेली. मला वाटलं, संपलं, ही आता जात नाही. तिसऱ्यांदा घरी बसणार, आणि या वेळेस कारणही मीच. मी पायरीवर बसून राहिलो. खालून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. दहा मिनिटांनी ती जिन्याच्या तोंडाशी आली. जुनी निळी सुती साडी, घडीच्या रेघा तशाच, आणि तिला डांबरगोळीचा सणसणीत वास.

"सोडून देता का ऑटोनं जाऊ?"

मी स्कूटर काढली. एरवी ती माझ्या खांद्यावर हात ठेवते. त्या दिवशी तिनं मागची दांडी धरली. मोठ्या रस्त्यावर मी एकदा म्हटलं, "चुकलं माझं." हेल्मेटमधून ते तिला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. दुसऱ्यांदा म्हणायचं धाडस झालं नाही.

हॉलच्या फाटकात तिच्या वर्गातल्या चार-पाच बायका उभ्या होत्या. त्यात ती वास्तूवाली मैत्रीण. हिला पाहून ती दोन्ही हात पसरून आली.

"माय वं! आली आली, पुरनवाली आली! पाय न, दोनदा टांग देल्ली हिनं!" मिठी मारली आणि नाक मुरडलं. "आज काहून डांबरगोळी वं?" मग तिची नजर माझ्यावर पडली. "अन् भाऊजी! ह्याइचा तो पदराचा जोक ऐका वं सगळ्या जनी. सांगा न भाऊजी! पोट दुखते हसून हसून!"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. पाच-सहा माणसं, सकाळची वेळ, चेहऱ्यावर हसायची तयारी. अशा मैफलीसाठी मी एरवी रिंग रोड पायी चालून जाईन. आणि माझ्याजवळ त्या दिवशी एक नवा माल होता, पदराच्या विनोदापेक्षा सरस. कॉफी खाल्लेला दलाल, सहा फवारे, गच्चीवरची साडी. सगळा विनोद माझ्यावर, तिला कुठंच बोट लागत नाही असा. जिभेवर पहिलं वाक्य आलंसुद्धा.

तेवढ्यात मला बायको दिसली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. पर्सची चेन उघडत होती, लावत होती, उघडत होती. चहाचं पाहायला जायला तिथं स्वयंपाकघर नव्हतं. मी कॉफीची गोष्ट सांगितली असती तर तिच्या शेवटी पुरण आलंच असतं. पुरणाशिवाय ती गोष्ट उभीच राहत नाही.

"विसरलो," मी म्हटलं.

"असे कसे विसरले? पदर झटकला का—"

"नाही आठवत, ताई."

हास्य न येता जी शांतता पडते ती मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. मैत्रीण म्हणाली, "भाऊजी म्हातारे झाले आता," आणि सगळ्या त्यावर हसल्या. बायको आत जाता जाता म्हणाली, "घ्याले येऊ नोका. मी येईन." डांबरगोळीचा वास तिच्यामागोमाग आत गेला.

ती संध्याकाळी आली. मी चहा केला, बिनसाखरेचा. विचारायची हिंमत होत नव्हती. तिनंच सांगितलं. गणिताच्या बाई आल्या होत्या, काठी टेकत. त्यांनी हिला नावानं हाक मारली. म्हणाल्या, खडू कमी पडायचा तुझ्यामुळे. हे सांगताना ती हसली. मग तिथंच तीन ऑर्डरी आल्या, त्या तिनं घेतल्या.

"मग?" मी विचारलं. "आता पुरणवाली नाही म्हणणार ना?"

तिनं कप ठेवला.

"म्हनतेत. ते का आता निघते? तुमच्या सेंटासारखंच आहे ते. एकदा लागलं का लागलं."

साडी ड्रायक्लीनला दिली. डाग फिके झाले, वास राहिला. कपाट उघडलं की तो बाहेर येतो आणि आम्ही दोघंही घाईनं आपापले कपडे काढून घेतो. हे लिहिलं तेव्हा तिला वाचून दाखवलं. म्हटलं, तू नाही म्हणशील तर फाडून टाकतो. ती गहू निवडत ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "गनितात पह्यली होती ते लिहिलं का?" लिहिलं, म्हटलं. "मग राहू द्या."

बाटलीचं काय झालं ते राहिलं. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या कंगव्याशेजारी ठेवलेली होती. मी दोन फवारे मारले आणि बाजारात गेलो. रोज मारतो. पहिल्या दिवशी गुळाच्या ढेपेला नाक लावलं तर ढेपेचा वास की माझा, हे कळेना. एका व्यापाऱ्याला जुना माल यंदाचा म्हणून सांगितला आणि सगळ्यांदेखत शिव्या खाल्ल्या. हमाल आता लायसनाची गोष्ट काढत नाहीत. मी ओट्यावर चढलो की लांबूनच ओरडतात, "काहून गा भाऊ, आज घरी पुरन हाय का?"

पूर्वीचा मी असतो तर याला माझ्याजवळ चार उत्तरं तयार असती. आता "हाव" म्हणतो आणि पुढे जातो. बाटली अजून अर्धी आहे.